रोजचा लांबचा प्रवास : गाडी निवडण्याआधी रस्ता ओळखणे महत्त्वाचे

भारतातील महानगरे जसजशी पसरत गेली, तसतसे घर आणि कामाचे ठिकाण यांमधील अंतरही वाढत गेले. गाझियाबादहून गुरुग्राम, पनवेलहून अंधेरी, येलहंकाहून इलेक्ट्रॉनिक सिटी असा एका बाजूचा चाळीस किलोमीटरांचा प्रवास आज अनेक नोकरदारांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. लोकल, मेट्रो किंवा कंपनीची बस जेथे सोयीची नसते, तेथे स्वतःच्या गाडीचा विचार सुरू होतो. मग शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारला जातो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘ऑन रोड किंमत किती?’ हे दोन्ही प्रश्न योग्य असले, तरी रोजच्या लांब प्रवासासाठी ते पुरेसे नाहीत.

एक साधा हिशेब मांडता येईल. रोज ८० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरल्यास महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० किलोमीटर होतात. सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर पडला, तर हे अंतर कापण्यास वर्षाला ८०० तास लागतात. आठ तासांच्या कामाच्या दिवसाच्या मापाने हे पूर्ण १०० दिवस झाले. वर्षातील १०० कामाचे दिवस जी व्यक्ती एका आसनावर बसून काढणार आहे, तिच्यासाठी गाडी ही केवळ एक वस्तू राहत नाही. इंधनाच्या खर्चाइतकाच पाठीचा, गुडघ्याचा आणि मनाच्या थकव्याचा विचार तिला करावा लागतो.

अंतर सारखे, रस्ते वेगळे

गाडीची निवड अंतरावरून नव्हे, तर रस्त्यावरून करावी लागते. बंगळूरमधील येलहंका ते इलेक्ट्रॉनिक सिटी आणि नाशिक ते इगतपुरी हे दोन्ही प्रवास साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटरांचे आहेत. पहिला प्रवास शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा असून गर्दीच्या वेळी त्यात सिग्नल, वळणे आणि मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग असते. दुसऱ्या प्रवासातील बराचसा भाग चौपदरी राष्ट्रीय महामार्गावरून ठरावीक वेगाने पार पडतो. दोन्ही गाड्यांच्या किलोमीटर दर्शकावर वर्षअखेरीस आकडा जवळपास सारखाच दिसेल. त्यांचे इंजिन, क्लच, ब्रेक आणि चालकाचे शरीर यांवर पडलेला भार मात्र अगदी वेगळा असेल.

त्यामुळे गाडी पाहण्यापूर्वी आपल्या मार्गाची आठवडाभर नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. एकूण वेळ किती लागला, त्यातील किती वेळ गाडी थांबलेली किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये होती, मोकळ्या रस्त्यावर वेग किती राहिला, वाटेत घाट किंवा उड्डाणपुलांचे चढ किती आहेत, पावसाळ्यात कोठे पाणी साचते, परतीचा प्रवास अंधारात होतो का, या गोष्टी कागदावर उतरल्या की अर्धी निवड आपोआप होते.

जाहिरातीतील मायलेज आणि रस्त्यावरील मायलेज

गाड्यांच्या जाहिरातीत दिसणारा मायलेजचा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतील असतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, आणि अशा अन्य मान्यताप्राप्त संस्थांमध्ये गाडीची चाके फिरत्या रूळांवर ठेवून ही चाचणी घेतली जाते. तिच्यासाठी वेग वाढवण्या-कमी करण्याचा एक ठरलेला क्रम आहे. या क्रमातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि चाचणीत वातानुकूलन यंत्रणा बंद ठेवण्याची पद्धत आहे. सर्व गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उपयोगी पडतो. घरखर्चाचे अंदाजपत्रक मात्र त्यावर बांधता येत नाही.

मे महिन्यातील नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हात एसी बंद ठेवून कोणी दीड तास गाडी चालवत नाही. सिग्नलवर थांबलेल्या गाडीचे इंजिन इंधन जाळत राहते आणि किलोमीटर मात्र शून्य असतात. दुसरीकडे मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाताना हा अवरोध सुमारे ५६ टक्क्यांनी अधिक असतो. म्हणूनच दाटीच्या शहरी मार्गासाठी जाहिरातीतील आकड्यातून निदान एक चतुर्थांश भाग वजा करून हिशेब करणे शहाणपणाचे ठरते.

पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार आता करावा लागतो. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठण्यात आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात या मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांच्या इंधनक्षमतेत ६ ते ७ टक्के, तर त्यासाठी जुळवून घेतलेल्या नव्या गाड्यांत १ ते २ टक्के घट होईल, असा अंदाज दिला होता. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तिच्या पुस्तिकेत कोणते मिश्रण चालते, हे पाहूनच व्यवहार करावा.

खरे मायलेज मोजण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत विश्वासार्ह आहे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करावी, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. कापलेल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागले की उत्तर मिळते. असे तीन-चार वेळा केल्यास पडद्यावरील आकड्यापेक्षा अधिक खरी सरासरी हाती येते.

इंधनाचा हिशेब

पेट्रोल, सीएनजी, डिझेल, हायब्रिड की वीज, हा प्रश्न प्रथम किलोमीटरच्या गणिताने सोडवावा. समजण्यास सोपे जावे म्हणून येथे पेट्रोल १०० रुपये लिटर, डिझेल ९० रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो आणि घरची वीज ८ रुपये युनिट असे दर गृहीत धरले आहेत. वाचकांनी आपल्या शहरातील दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

वर्षाला २४,००० किलोमीटर धावणारी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १६ किलोमीटर देत असेल, तर वर्षाला १,५०० लिटर म्हणजे दीड लाख रुपयांचे पेट्रोल लागते. तेवढीच सीएनजी गाडी किलोला २२ किलोमीटर देत असेल, तर खर्च सुमारे ८७ हजार रुपये येतो. डिझेल गाडीने लिटरला १९ किलोमीटर दिल्यास हा आकडा सुमारे १ लाख १४ हजार होतो. लिटरला २२ किलोमीटर देणाऱ्या हायब्रिड गाडीसाठी सुमारे १ लाख ९ हजार रुपये लागतात. विजेवरील गाडी चार्जिंगमधील घट धरून एका युनिटमध्ये ६ किलोमीटर गेली, तर घरच्या विजेचे बिल सुमारे ३२ हजार रुपये येते. तीच गाडी कायम सार्वजनिक जलद चार्जिंगवर २० रुपये युनिट दराने भरली, तर खर्च ८० हजारांवर जातो आणि सीएनजीशी असलेला फरक जवळजवळ संपतो.

सीएनजी : बचत मोठी, पण वेळेचाही हिशेब हवा

सीएनजी गाडीची किंमत पेट्रोल गाडीपेक्षा सुमारे ९० हजारांनी अधिक आहे असे मानल्यास वरील हिशेबात हे पैसे दीड वर्षाच्या आत वसूल होतात. मात्र तीच गाडी वर्षाला केवळ ८,००० किलोमीटर धावत असेल, तर त्यासाठी चार वर्षांहून अधिक काळ लागतो. शेजाऱ्याला सीएनजी गाडी फायद्याची ठरली म्हणून ती प्रत्येकाला फायद्याची ठरेल असे नाही, ते या कारणाने.

सीएनजीवर इंजिनाची ताकद काहीशी कमी होते. चौघांना घेऊन घाट चढताना किंवा उड्डाणपुलावर पुढे जाताना ते जाणवते. टाकी डिकीतील बरीच जागा व्यापते. २०२३ पासून टाटा मोटर्सने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवण्याची रचना आणली, त्यामुळे सामानासाठी काही जागा मोकळी राहू लागली. क्लचविना चालणारी सीएनजी गाडीही २०२४ पासून बाजारात मिळू लागली आहे. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. याशिवाय पंपावरील रांग विसरून चालत नाही. रोज ८० किलोमीटर धावणारी गाडी दर दोन-तीन दिवसांनी पंपावर जाते आणि प्रत्येक वेळी अर्धा तास रांगेत गेला, तर तो वेळ प्रवासातच जमा होतो. आपल्या मार्गावर, योग्य दिशेला आणि सोयीच्या वेळी पंप आहे का, हे आधी पाहावे.

डिझेल : मोकळ्या रस्त्यासाठी

एकेकाळी रोजच्या लांब प्रवासाचे उत्तर डिझेल हेच होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली मोठी तफावत कमी झाली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषण मानक लागू झाले. त्याच सुमारास मारुती सुझुकीने डिझेल गाड्यांचे उत्पादन थांबवले आणि लहान गाड्यांमधून डिझेल जवळजवळ नाहीसे झाले.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन अधूनमधून काही काळ सलग, चांगल्या वेगाने चालावे लागते. महामार्गावर हे आपोआप घडते. केवळ शहरातील कोंडीत फिरणाऱ्या गाडीची गाळणी मात्र तुंबू शकते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. त्यामुळे ज्याचा बहुतांश प्रवास महामार्गावरून होतो आणि ज्याला मोठी गाडी आवश्यक आहे, त्याच्यासाठीच डिझेल आज विचारात घेण्यासारखे आहे.

दिल्ली आणि परिसरातील खरेदीदारांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केवळ वयाच्या आधारे अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश याच न्यायालयाने दिला. नियम असे बदलत असल्यामुळे तेथे दीर्घकाळ वापराच्या उद्देशाने डिझेल घेण्यापूर्वी ताजी स्थिती तपासणे गरजेचे आहे.

हायब्रिड : कोंडीत कमाई

हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार आणि बॅटरी असते. संथ वाहतुकीत गाडी बराच वेळ मोटारीवर चालते, इंजिन बंद राहते आणि ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत साठवली जाते. गाडीला बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या गाड्या भारतात २०२२ मध्ये आल्या.

येथे एक फरक समजून घ्यावा लागतो. काही गाड्यांवर ‘स्मार्ट’ किंवा ‘माइल्ड’ हायब्रिड असे लिहिलेले असते. त्यांतील छोटी मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. त्यामुळे त्यांची बचतही मर्यादित असते. गाडी केवळ विजेवर काही अंतर धावू शकते का, हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्ट विचारावा.

हायब्रिडचा लाभही रस्त्यावर अवलंबून असतो. समजा, मध्यम आकाराची पेट्रोल गाडी कोंडीत लिटरला १४ किलोमीटर आणि तशीच हायब्रिड गाडी २२ किलोमीटर देते. तेव्हा वर्षाला सुमारे ६२ हजार रुपये वाचतात आणि अडीच लाखांची वाढीव किंमत चार वर्षांत भरून निघते. महामार्गावर मात्र इंजिन बहुतांश वेळ चालू राहते. तेथे हेच आकडे १६ आणि २० झाले, तर वर्षाची बचत ३० हजारांवर येते आणि तीच किंमत वसूल होण्यास आठ वर्षे लागतात. येलहंकाच्या रहिवाशाला जी गाडी शहाणपणाची, ती इगतपुरीच्या प्रवाशाला महाग पडू शकते.

वीज : आधी वाहनतळावरील सॉकेट पाहावे

इंधनखर्चात विजेवरील गाडीशी कोणी बरोबरी करू शकत नाही. तिला क्लच आणि गिअर नसल्याने कोंडीत पाय दुखत नाहीत, आवाज आणि थरथर कमी असते आणि इंजिन ऑइल बदलण्याचा प्रश्न उरत नाही. रोजचे ठरलेले अंतर ही तर तिची सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे, कारण किती वीज लागणार हे आधीच ठाऊक असते.

मात्र गाडी ठरवण्याआधी घरचे वाहनतळ पाहावे लागते. स्वतःची पार्किंगची जागा, गृहनिर्माण संस्थेची परवानगी, मीटरपासून तेथपर्यंतची वायर आणि पुरेसा मंजूर वीजभार या गोष्टी नक्की झाल्या, तरच हिशेब ३२ हजारांवर राहतो. पल्ल्याचा जाहीर आकडाही प्रयोगशाळेतीलच असतो. एसी, वेग, पाऊस आणि बॅटरीचे वय यांमुळे तो घटतो. रोजचे जाणे-येणे गाडीच्या प्रत्यक्ष पल्ल्याच्या साधारण निम्म्यात बसत असेल, तर एखाद्या दिवशी वळसा पडला किंवा रात्री चार्जिंग राहून गेले तरी अडचण येत नाही.

करांचाही परिणाम निवडीवर होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी तसेच १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के कर ठरला. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के, तर विजेवरील गाड्यांवर ५ टक्के ठेवण्यात आला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफीची तरतूद करण्यात आली. या मार्गांवरून रोज जाणाऱ्यासाठी ही रक्कम किरकोळ नाही.

शरीराचा हिशेब

इंधनाची बचत महिनाअखेरीस दिसते, तर चुकीच्या आसनाची किंमत काही महिन्यांनी पाठीच्या दुखण्यातून कळते. शोरूममध्ये मऊ वाटणारे आसन दीड तासानंतर त्रासदायक ठरू शकते. कमरेच्या पोकळीला आधार, गुडघ्यापर्यंत मांडीला टेक आणि उंची कमी-जास्त करण्याची सोय या तीन गोष्टी आसनात पाहाव्यात. स्टिअरिंग केवळ वर-खाली नव्हे, तर पुढे-मागेही सरकत असेल, तर उंच आणि बुटक्या अशा दोन्ही चालकांना योग्य बैठक साधता येते. अनेक कमी किमतीच्या गाड्यांत ही सोय नसते. डाव्या पायाला क्लचशेजारी टेकण्यासाठी सपाट जागा आहे का, ही लहानशी बाबही लांब प्रवासात मोठी ठरते.

कोंडीच्या मार्गावर क्लच दिवसाला शेकडो वेळा दाबला जातो. अशा मार्गासाठी ऑटोमॅटिक गिअरची गाडी ही आता चैन राहिलेली नाही. मात्र तिच्यातही प्रकार आहेत. ‘एएमटी’ प्रकारात नेहमीचाच गिअरबॉक्स असतो आणि क्लचचे काम यंत्र करते. तो स्वस्त असून मायलेजही चांगले देतो, पण गिअर बदलताना हलका झटका जाणवतो. ‘सीव्हीटी’ संथ वाहतुकीत अतिशय सुरळीत चालतो. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ टिकाऊ मानला जातो, पण इंधन थोडे अधिक घेतो. दोन क्लच असलेला ‘डीसीटी’ मोकळ्या रस्त्यावर चपळ असतो, परंतु त्यातील कोरड्या क्लचचा प्रकार तासन्‌तास सरकत्या रांगेत तापू शकतो. येथेही निर्णय रस्त्यानेच द्यायचा असतो.

गाडीचा आकार आणि टायर यांकडेही लक्ष द्यावे. उंच, चौकोनी एसयूव्हीमध्ये चढणे-उतरणे सोपे असते आणि खड्ड्यांचे भय कमी वाटते, पण महामार्गाच्या वेगाला तिला हवा कापण्यासाठी अधिक इंधन लागते. एकटाच चालक रोज जाणार असेल, तर वर्षभर रिकाम्या आसनांचे वजन ओढण्यात अर्थ नसतो. दिसायला देखणी मोठी चाके आणि पातळ टायर यांपेक्षा थोडे लहान चाक आणि जाड टायर खड्ड्यांचे हादरे अधिक शोषून घेतात आणि बदलतानाही स्वस्त पडतात.

सुरक्षिततेची तडजोड नको

रोजच्या प्रवासात अपघाताचा धोका केवळ वेगामुळे नव्हे, तर थकव्यामुळेही वाढतो. संध्याकाळी दमलेला चालक, पाऊस आणि समोरून येणारे प्रखर दिवे अशा वेळी गाडीने चालकाला साथ द्यावी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांच्या धडक चाचणीची देशी व्यवस्था सुरू झाली. आपण निवडलेल्या गाडीला किती तारे मिळाले आहेत, हे पाहणे आता सोपे झाले आहे. त्याशिवाय सहा एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारी स्थिरता नियंत्रण यंत्रणा, चांगला उजेड देणारे पुढचे दिवे आणि मागील काचेचा वायपर यांना पडद्याच्या आकारापेक्षा अधिक महत्त्व द्यावे. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावणे आवश्यक आहे.

हमी वर्षांची की किलोमीटरची?

अधिक धावणाऱ्या गाडीच्या मालकाने हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचावीत. हमी ‘इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते’ अशा शब्दांत दिलेली असते. वर्षाला २४,००० किलोमीटर धावणारी गाडी एक लाखाची मर्यादा चार वर्षे दोन महिन्यांत ओलांडते. विजेवरील गाडीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असेल, तर ती अशा मालकासाठी आठ नव्हे, पावणेसात वर्षांच्या आतच संपते. दहा हजार किलोमीटरला एक सर्व्हिसिंग धरल्यास वर्षातून दोन-तीन वेळा गाडी कार्यशाळेत जाणार. टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालले, तर दर दोन वर्षांनी नवा संच लागणार. म्हणून सर्व्हिस सेंटर घराजवळ किंवा कार्यालयाजवळ असणे, हा निवडीचा स्वतंत्र निकष ठरतो.

टोलचाही हिशेब वार्षिक करावा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांचा फास्टॅग वार्षिक पास सुरू झाला. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत तो चालतो. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांसाठी आहे, राज्याच्या अखत्यारीतील मार्गांसाठी नाही. रोज जाऊन-येऊन एकच नाका ओलांडला, तरी महिन्याला ५० फेऱ्या होतात आणि पास चार महिन्यांत संपतो. तरीही सुरुवातीच्या दराने एका फेरीला १५ रुपये पडत असल्याने बहुतेक ठिकाणी तो फायद्याचाच राहतो.

चाचणी आपल्याच रस्त्यावर

शोरूमच्या आसपास गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे फिरवलेली गाडी फारसे काही सांगत नाही. शक्य असल्यास चाचणीसाठी आपलाच मार्ग आणि आपलीच वेळ मागून घ्यावी. नेहमीच्या खड्ड्यांवरून, नेहमीच्या चढावर, एसी सुरू ठेवून आणि घरातील मंडळींना सोबत घेऊन गाडी चालवून पाहावी. इमारतीच्या वाहनतळात ती सहज वळते का, हेही तपासावे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत तेच मॉडेल उपलब्ध असेल, तर दोन दिवसांचे भाडे हा दहा लाखांच्या निर्णयावरील अगदी किरकोळ खर्च आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठ आणि पाय काय सांगतात, यावर विश्वास ठेवावा.

कधी कधी या सर्व हिशेबाचे उत्तर ‘मोठी गाडी नको’ असेही येते. रेल्वे किंवा मेट्रोचे स्थानक आठ-दहा किलोमीटरवर असेल आणि तेथे वाहनतळ असेल, तर एका लहान गाडीने स्थानक गाठून पुढचा प्रवास बसून, वाचत किंवा डुलकी घेत करता येतो. दिल्ली–मेरठ मार्गावर ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ‘नमो भारत’ गाडीने तेथील नोकरदारांना असा पर्याय दिला आहे. आठवड्यातून दोन दिवस जरी गाडी घरी राहिली, तरी २४,००० किलोमीटरचा आकडा बराच खाली येतो आणि मग कोणते इंधन परवडते, याचे उत्तरही बदलते.

शेवटी गाडीचे गणित तीन आकड्यांत मांडता येते. प्रत्येक किलोमीटरला येणारा खर्च, रोज गाडीत जाणारे तास आणि घरी पोहोचल्यावर उरलेली ताकद. पहिला आकडा विक्रेता सांगू शकतो आणि दुसरा रस्ता सांगतो. तिसरा मात्र ज्याला वर्षातील १०० दिवस त्या आसनावर काढायचे आहेत, त्यालाच ठरवावा लागतो आणि सही करण्यापूर्वी तोच सर्वांत आधी विचारात घ्यायला हवा.